घरच्या लोण्या-तुपाचा आनंद

हाताने वस्तू घडवण्याच्या आनंदाबद्दल विणकाम आणि भरतकामाच्या अंगाने पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यात साय साठवून घरी लोणी-तूप करण्याचाही समावेश व्हावा, असे मला वाटते. चार-पाच दिवसांच्या सायीला विरजण लावून ती घुसळायला घेतली की बराच वेळ नुसता फेस दिसतो, मग एकाएकी रवी जड होते, तिचा आवाज बदलतो आणि रव्यासारखे पिवळसर कण वर जमू लागतात. उन्हाळ्यात बर्फाचे आणि थंडीत कोमट पाणी किती घालायचे, याचा अंदाज मात्र हातालाच यावा लागतो, कारण फार गारठ्यात लोण्याचा गोळा जमत नाही आणि उष्म्यात ते पातळ होऊन ताकातच राहते. (मिक्सरने काम लवकर उरकते, हे मान्य, पण ही गंमत त्यात निसटते.) लोणी दोन-तीनदा धुऊन मंद आचेवर कढवताना आधी पाण्याचा तडतडाट होतो, तो ओसरून तळाची बेरी बदामी दिसू लागली की गॅस बंद करावा, कारण तापलेल्या भांड्यात ती पुढेही तांबूस होत राहते. त्या बेरीत साखर घालून खाण्यावरून आमच्याकडे अजूनही भांडणे होतात, आणि उरलेल्या ताकाची कढी होते ती वेगळीच.