कार्टून म्हणून बाजूला काढू नका

काही जण म्हणतात की ‘ब्लेड रनर’सारख्या उत्तम विज्ञानकथा सिनेमांच्या यादीत सुपरहिरो कार्टून घालू नयेत, ती मुलांची. मला हे अजिबात पटत नाही. १९९२ ची ‘बॅटमॅन: द ॲनिमेटेड सिरीज’ घ्या. तिची पार्श्वचित्रं काळ्या कागदावर रंगवत. म्हणजे अंधार आधीच असायचा, चित्रकार त्यात फक्त उजेड भरायचा. बॅटमॅनचं शहर गॉथम तसं काळोखं का दिसतं, ते यावरून कळतं.

आणि त्यातला ‘हार्ट ऑफ आईस’ हा भाग बघाच! त्याआधी मिस्टर फ्रीझ म्हणजे बर्फाची बंदूक घेतलेला एक किरकोळ खलनायक. लेखक पॉल डिनीने त्याला आजारी बायको दिली, तिला गोठवून वाचवू पाहणारा शास्त्रज्ञ केला. शेवटी तो कोठडीत बसलाय, हातात काचेच्या गोळ्यातली छोटी नर्तकी, आणि बर्फ पडतंय. फ्रीझला आवाज देणाऱ्या मायकल अन्सारांचा तो भावनाशून्य स्वर ऐकून आजही पोटात कालवतं. या भागाच्या लेखनाला एमी हा टीव्हीचा पुरस्कार मिळाला आणि पुढे मूळ कॉमिक्सनेही हीच कथा उचलली.

विज्ञानाने माणसाचं काय होतं, हे बावीसेक मिनिटांत इतकं नेमकं सांगणारे सिनेमे फार थोडे आहेत. माझ्या यादीत हा भाग पहिल्या पाचात.