मंगळाचं आवर्तन दर वेळी सारखं नसतं

या चर्चेत वर शनीच्या आवर्तनावर, म्हणजे तो जन्मवेळच्या जागी परत येण्यावर, बरंच बोलून झालं आहे. पण प्रश्नकर्त्याचा मूळ प्रश्न होता की ठरावीक काळाने अंगात जोर येतो आणि मग ओसरतो, तो का. त्यासाठी आधी मंगळ पाहावा असं मला ठामपणे वाटतं. शनीला जन्मवेळच्या जागी परत यायला साडेएकोणतीस वर्षं लागतात, गुरूला जवळपास बारा. मंगळ सरासरी ६८७ दिवसांत राशिचक्र पुरं करतो, आणि ज्योतिषात पराक्रम, धडाडी, रक्त यांचा कारक (त्या गोष्टी दाखवणारा ग्रह) तोच.

एका प्रतिसादात मंगळाचं हे आवर्तन 'दर दोन वर्षांनी ठरलेल्या महिन्यात' होतं असं म्हटलंय, ते मात्र पटत नाही. मंगळ वक्री झाला, म्हणजे आकाशात उलटा जाताना दिसू लागला, की हिशेब बदलतो. एरवी एका राशीत दीड महिना राहणारा मंगळ २०२४ च्या ऑक्टोबरात कर्केत आला, डिसेंबरात वक्री झाला, जानेवारीत मिथुनेत मागे गेला आणि एप्रिल २०२५ मध्ये पुन्हा कर्केत आला. ज्यांचा जन्मस्थ (जन्मकुंडलीतला) मंगळ कर्केत सहा अंशांच्या आसपास आहे, त्यांच्या मंगळावरून तो नोव्हेंबर, जानेवारी आणि एप्रिल असा तीनदा गेला. त्यातून कर्क ही त्याची नीच रास, म्हणजे जिथे तो सर्वांत दुबळा मानतात ती. अशा वेळी जोर येतो, पण तो चिडचिडीत जातो, असं मानतात.

आणखी एक. गोचर, म्हणजे ग्रहांचं सध्याचं भ्रमण, जन्माच्या चंद्रराशीवरून मोजतात आणि तिथून तिसऱ्या, सहाव्या, अकराव्या राशीतला मंगळ शुभ धरतात. त्यामुळे प्रश्नकर्त्यांनी आपला जन्मस्थ मंगळ चंद्रापासून कितवा आहे ते सांगावं, मग पुढचं बोलता येईल. दशा (आयुष्याचा ठरावीक काळ ज्या ग्रहाच्या अमलाखाली मानतात तो) कोणत्या ग्रहाची चालू आहे तेही लिहावं.