मदत हवी आहे: तांब्याचा पत्रा आणि हातोड्या विमानाने नेता येतात का? (तातडीचं)

घणघण (सोमवार, रात्री ११.४०)

नमस्कार. पाल्हाळ लावत नाही, वेळ नाहीये. परदेशातल्या एका आर्ट रेसिडेन्सीसाठी (म्हणजे कलाकाराने तिथेच राहून काम करायचं) माझी निवड झालीय. डिझाइन आणि डिजिटल फॅब्रिकेशन (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनने वस्तू बनवणं) असं दोन्ही आहे, माझा विषय तांबं. शुक्रवारपर्यंत होय की नाही ते कळवायचंय.

तांब्याचा पत्रा आणि हातोड्या विमानातून नेता येतात का? किती किलो? कस्टमला काय सांगायचं? आणि काकांचं कसं करायचं?

ज्यांनी स्वतः नेलंय त्यांनीच सांगा. गूगल करून झालंय.

पत्रापेटी (मंगळवार, सकाळी ७.१०)

अभिनंदन! पण ताई, देश कुठला? किती दिवस? पत्रा किती गेजचा, किती नग? आणि काका कोण? तुमचे सख्खे काका सोबत येणार आहेत का? एवढं कळल्याशिवाय काय सांगणार.

कोथरूडचे आजोबा (७.५५)

तांब्याबद्दल वाचून आनंद झाला. आमच्याकडे अजून रात्री तांब्यात पाणी भरून ठेवतात. मात्र कल्हई नसलेल्या भांड्यात ताक, चिंचेचं सार, लिंबू सरबत असलं आंबट काही ठेवू नये, तांबं उतरतं. हल्ली शोभेची म्हणून घेतलेली भांडी लोक सर्रास वापरतात, म्हणून सांगितलं.

भोसरीकर सीएनसी (९.२०)

पत्रा न्यायचाच कशाला? तांबं जगभर मिळतं. त्याआधी तिथे मशीन कुठलं आहे ते विचारा. फॅब लॅबमध्ये (अशी मशीन असलेली खुली कार्यशाळा) बहुतेक ठिकाणी सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायूचा लेझर असतो. त्याने लाकूड, अ‍ॅक्रिलिक, पुठ्ठा कापला जातो, तांबं नाही. त्याची तरंगलांबी १०.६ मायक्रॉन. तांबं तो किरण जवळपास सगळा परत फेकतो आणि आरसे, लेन्स खराब होतात ते वेगळंच. तांब्याला फायबर लेझर लागतो, तो कारखान्यात असतो. अर्जात "लेझरने पत्रा कापणार" असं लिहिलंय का तुम्ही?

घणघण (१०.०५)

नेदरलंड. ६ आठवडे, सप्टेंबरपासून. २० गेज, एक फूट बाय एक फूट, १० नग. लेझर सीओटूच आहे, आत्ता मेल बघितली. हो, अर्जात तसंच लिहिलंय.

काका म्हणजे पुण्यातल्या तांबट आळीतले, ज्यांच्याकडे मी दोन वर्षं मठारकाम, म्हणजे हातोडीने ठोके देत भांडं घडवणं, शिकतेय. नात्यातले नाहीत.

पत्रापेटी (१०.४०)

मग हिशोब सोपा आहे. २० गेज म्हणजे ०.९ मिमी धरा. एक फुटाचा एक पत्रा साधारण पाऊण किलो, दहा नग साडेसात किलो. चेक-इन सामानात बसतात. हातोड्या केबिनमध्ये अजिबात नेऊ नका, सुरक्षा तपासणीत काढून घेतील. पत्र्याच्या कडा पुठ्ठ्यात गुंडाळा, नाहीतर बॅग फाटेल आणि सामान उचलणाऱ्याचा हात कापेल.

मी सतारी घेऊन गेलोय तीनदा. निघताना विमानतळावर कस्टमकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट करून घेतो, म्हणजे परत येताना "हे तिकडे विकत घेतलं" असं कुणी म्हणत नाही.

कागदपत्र (११.३०)

सर्टिफिकेट ही अर्धीच गोष्ट झाली. नीट करायचं तर एटीए कार्नेट काढा, म्हणजे सामान तात्पुरतं नेऊन परत आणायचा कस्टमचा परवाना. भारतात ते फिक्की ही उद्योजकांची संघटना देते, मुदत एक वर्ष. दोन्ही देशांच्या कस्टमला एकच कागद चालतो. आमच्या प्रदर्शनाचं सगळं सामान असंच जातं.

पत्रापेटी (११.४५)

कागदपत्रराव, चार हातोड्यांसाठी कार्नेट? त्याला हमीची रक्कम ठेवावी लागते. शिवाय कार्नेटवर नेलेलं सामान जसंच्या तसं परत आणावं लागतं. पत्रा तर ती तिथे ठोकून वापरणार. वापरून संपणारा माल कार्नेटवर चालत नाही, हे तुम्हाला माहीत असायला हवं.

कागदपत्र (१२.१०)

पत्र्याचं बरोबर आहे, ते मान्य. हत्यारांसाठी मी अजूनही कार्नेटच म्हणेन. विमानतळावर वाद घालायची वेळ आली की कळतं.

माळरान (दुपारी १.१५)

मला एक कळत नाही. फॅब लॅबसाठी नेदरलंड कशाला? अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान विद्यापीठाबाहेरची (आपल्या कोथरूडची नव्हे) पहिली फॅब लॅब २००२ मध्ये शिरूर तालुक्यात पाबळला, विज्ञान आश्रमात सुरू झाली. डॉ. कलबाग यांनी १९८३ मध्ये तो आश्रम काढला, "हाताने काम करत शिकायचं" याच विचारावर. मी तिथे महिनाभर राहिलोय. दहावी नापास झालेली मुलं मशीन चालवताना बघितलीत. तुमच्या काकांना पासपोर्ट नको, व्हिसा नको, एसटीने जाता येईल. आपल्याकडचं सोडून लोक बाहेर पळतात याचं वाईट वाटतं.

खारा वारा (२.३०)

पाबळबद्दल आदर आहेच. पण लॅब आणि रेसिडेन्सी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मशीन सगळीकडे असतं, सोबत कोण आहे याने फरक पडतो. मी अमेरिकेत मेन राज्यातल्या हेस्टॅक या हस्तकलेच्या शाळेत दोन आठवडे होते. समुद्राकडे उतरत जाणारा लाकडी जिना आणि दोन्ही बाजूंना स्टुडिओ. फॅब लॅब तिथे लोहारकाम, कुंभारकाम, विणकाम यांच्या शेजारी आहे. सकाळी एकीने सीएनसीवर (कॉम्प्युटरवर चालणारं कोरायचं मशीन) लाकडी साचा कोरून घेतला, दुपारी धातूच्या स्टुडिओत त्यावर पत्रा बसवला, संध्याकाळी कुंभारकाम करणारा तोच साचा मागून घेऊन गेला. असं काम घरी बसून होत नाही.

ताई, तुमचं काम तसंच असेल तर लेझर विसरा. लेझरने पुठ्ठ्याचे नमुने कापा, ते पत्र्यावर ठेवून आखा, पत्रा कातरीने कापा. साचे सीएनसीवर लाकडात करा.

भोसरीकर सीएनसी (३.००)

लाकूडच का? थ्रीडी प्रिंटरवर पीएलए प्लॅस्टिकचे साचे करा. प्रेसमध्ये पातळ पत्रा त्यावर छान बसतो, मी २२ गेजपर्यंत केलंय. कोपरे गोल ठेवा आणि आत पोकळी ठेवू नका.

खारा वारा (३.२०)

प्रेस सावकाश दाबते, हातोडा आपटतो. पीएलए तडकेल. आणि पत्रा तापवून लगेच वर ठेवलात तर साठेक अंशांनाच ते मऊ पडतं.

भोसरीकर सीएनसी (३.३५)

गरम पत्रा साच्यावर कोण ठेवतं? तापवून, पाण्यात टाकून, गार झाल्यावर. पण हातोड्याचं पटलं. सागाचा ठोकळा घ्या.

अवांतर: अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या कोहलर कारखान्यात १९७४ पासून कलाकारांना बोलावतात. नळ आणि बेसिन बनवणाऱ्या कामगारांच्या शेजारी, त्याच फाउंड्रीत आणि पॉटरीत, महिनोन् महिने. भोसरी-चाकणला एवढ्या फाउंड्री आहेत. एकाही मालकाने असं करून बघितलं तर मी माझं मशीन रविवारी मोफत देईन, हे लिहून ठेवतो.

निळी शाई (सायंकाळी ६.४५)

सगळे पत्रा-पत्रा करतायत. "काकांचं कसं करायचं" हा प्रश्न घणघणने शेवटी घातलाय, पण खरा प्रश्न तोच दिसतो. काकांचं नाव अर्जात आहे का? करारावर सही कुणाची?

घणघण (रात्री ९.३०)

हो. अर्ज जोडीचा होता, "डिझायनर आणि कारागीर" असा. दोघांचं येणं बंधनकारक आहे. काकांकडे पासपोर्ट नाही, वय ६१. राहणं आणि प्रवास ते देणार, ते पत्र आलंय. मी आधी लिहिलं नाही, कारण मला वाटलं आधी सामानाचं कळू दे. सामानच नेता येत नसेल तर पुढचं बोलायचंच कशाला.

अजून एक. लॅबमध्ये उघडी आग चालत नाही म्हणे. आणि करारात एक कलम आहे: काकांच्या मठारण्याचं स्कॅनिंग करायचं, प्रत्येक ठोका कुठे आणि किती खोल ते मोजायचं आणि त्या फाइल्स क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली सगळ्यांसाठी खुल्या करायच्या. ते वाचल्यापासून झोप नाही. मला हे चांगलं वाटतंय की वाईट, तेच कळत नाहीये.

निळी शाई (१०.१५)

मी वकील नाही, प्रकाशनात काम करते, परवाने रोज बघते. क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना एकदा दिला की मागे घेता येत नाही. त्यात प्रकार आहेत. नुसता "बाय" असेल तर नाव देऊन कुणीही त्या फाइलवर धंदा करू शकतो. "एनसी" असेल तर धंद्याला परवानगी नाही. तुमच्या करारात कुठला आहे ते शब्दशः बघा. आणि मठारण्याची पद्धत ही काही कुणाच्या कॉपीराइटमध्ये येत नाही, त्यामुळे त्या बाजूने काकांना संरक्षण नाही. जे काही मिळवायचं ते सहीच्या आधी, करारातच.

माळरान (१०.४०)

म्हणूनच म्हणत होतो. पिढ्यान् पिढ्यांचं ज्ञान फाइलमध्ये भरून परदेशात द्यायचं.

खारा वारा (११.०५)

खुलं ठेवणं वाईटच असतं असं नाही, माळरान. तुम्हाला आवडणारी फॅब लॅबची चळवळच मुळी खुल्या फाइल्सवर उभी आहे. पण ज्याचा हात आहे त्याला विचारून. घणघण, हे कलम काकांना मराठीत वाचून दाखवलंत का?

घणघण (११.१०)

नाही. उद्या जाते.

व्हिसा खिडकी (बुधवार, सकाळी ८.३०)

मराठीत वाचून दाखवा, पण तारखाही सोडू नका. शेंगेन व्हिसाचा (नेदरलंडसकट युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा) अर्ज प्रवासाआधी ६ महिन्यांपासून करता येतो आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी. निकालाला साधारण १५ दिवस, कधी ४५ लागतात. ६ आठवडे म्हणजे ९० दिवसांच्या आत, शॉर्ट स्टे. विमा किमान ३०,००० युरोंचा. निमंत्रणपत्रात तारखा, पत्ता आणि कोणता खर्च कोण करणार हे दोघांच्या नावाने वेगवेगळं हवं. काकांचं बँक खातं पातळ असेल तर हेच पत्र उपयोगी पडतं.

पासपोर्ट आधी. आजच फॉर्म भरा, मुंढव्याच्या पासपोर्ट केंद्राची अपॉइंटमेंट घ्या. जन्मदाखला नसेल तर आधार, पॅन किंवा शाळा सोडल्याचा दाखला चालतो. नावाचं स्पेलिंग सगळीकडे एकच आहे ना, ते आधी तपासा.

कोथरूडचे आजोबा (९.१५)

तांबट आळीत मी लहानपणी मावशीकडे जायचो. गल्लीच्या तोंडाशीच आवाज सुरू व्हायचा. एकाच्या ठोक्यात दुसऱ्याचा ठोका बसायचा, आणि कुणी चहाला उठला की आळीतल्या बायकांना घरात बसून कळायचं. तो आवाज त्या लॅबमध्ये चालणार आहे का, हे विचारलंत का बाळ?

घणघण (बुधवार, रात्री १०.५०)

आजोबा, तुमचं वाचून लगेच विचारलं. आवाजाचा विचार त्यांनीही केला नव्हता! आता मागच्या अंगणातली शेड देतायत. तिथे गॅसची बत्तीही चालेल, अग्निशमन यंत्र जवळ ठेवून. पत्रा तिथेच विकत घेऊन ठेवणार आहेत. म्हणजे फक्त हातोड्या न्यायच्या, आणि त्या चेक-इनमध्ये.

काकांकडे चार वाजता गेले होते. एक घंघाळ मठारायला घेतलं होतं. कलम वाचून दाखवलं. त्यांनी काम थांबवलं नाही, ठोकत ठोकत ऐकलं. खरं तर ते बघितल्यावरच मला कळलं की मशीन काय मोजणार आहे. ठोका पडतो तिथे नखाएवढा चकचकीत चौकोन उठतो, पुढचा त्याच्यावर अर्धा चढतो. हातोडा दर वेळी तेवढाच उचलतात, फिरतं ते घंघाळ, डाव्या हाताने. स्कॅनमध्ये हातोड्याची खूण येईल, डाव्या हाताचं फिरवणं येणार नाही.

ओळ पुरी झाल्यावर म्हणाले, "मोजू देत की. पण माझं नाव लिहा, आणि माझ्या ठोक्याची भांडी छापून विकायची नाहीत." एवढंच. मी त्या लोकांना हेच दोन मुद्दे कळवलेत: दोघांची नावं आणि एनसी.

निळी शाई (११.००)

उत्तर लेखी येईपर्यंत सही करू नका.

घणघण (शुक्रवार, दुपारी ४.२०)

लेखी आलं. एनसी मान्य, नाव मान्य. आम्ही होय कळवलं. सोमवारी सकाळी सव्वानऊची मुंढव्याची वेळ मिळालीय. फोटो न्यावे लागतात का?

व्हिसा खिडकी (४.३५)

फोटो तिथेच काढतात. मूळ कागद आणि झेरॉक्स दोन्ही न्या. आणि एक महत्त्वाचं: काकांच्या बोटांचे ठसे उठतात का? माझे सासरे गवंडी होते, त्यांचे उठत नव्हते. हातोड्यावर आयुष्य गेलेल्या माणसाची बोटं झिजलेली असतात. आजपासून रात्री कोमट पाण्यात हात बुडवून खोबरेल लावा. शनिवार-रविवार हातोडा आणि तांबं साफ करायचं आम्लाचं पाणी दोन्ही बंद. सोमवारी सकाळी मात्र तेल नको, हात कोरडे हवेत. व्हिसाच्या वेळीही पुन्हा ठसे द्यायचे आहेत.

पत्रापेटी (५.१०)

हातोड्यांचे फोटो काढून यादी करा. दांड्यासकट.

घणघण (सोमवार, दुपारी १२.४०)

ठसे उठले. डाव्या अंगठ्याला तीनदा घ्यावं लागलं, चौथ्यांदा त्या मुलीने काकांचा अंगठा स्वतः धरून काचेवर टेकवला आणि झालं. आता पोलीस पडताळणी. काका थेट दुकानात गेलेत, दोन दिवसांचं घंघाळ राहिलंय.