विषय: उत्तर कोरियाची सहल – कुणी जाऊन आलंय का?

नमस्कार मंडळी,
एप्रिल 2025 मध्ये प्योंगयांगची मॅरेथॉन सहा वर्षांनी परदेशी धावपटूंसाठी खुली झाली. तेव्हापासून आमच्या धावण्याच्या गटात पुन्हा संधी मिळाली तर जायचं, असं घाटतंय. मी जर्मन पासपोर्टवर जाईन. आपल्यापैकी कुणाला अनुभव आहे का?
– कोलोनहून

---

मला हे अजिबात पटत नाही. नव्वदच्या दशकात तिथे लाखो माणसं उपासमारीनं गेली, आणि त्याच राजवटीच्या तिजोरीत आपण आपले युरो घालायचे? ओटो वॉर्मबियर हा अमेरिकन विद्यार्थीसुद्धा 2015 च्या अखेरीस पर्यटक म्हणूनच गेला होता. हॉटेलातलं प्रचाराचं पोस्टर काढल्याच्या आरोपावरून त्याला 15 वर्षांची सक्तमजुरी झाली. जून 2017 मध्ये बेशुद्धावस्थेत घरी आणलं आणि काही दिवसांत तो गेला. पोराचं वय होतं 22. नको रे बाबा.
– म्युनिकहून

---

ताई, पैशाचा तुमचा मुद्दा मला खोडता येत नाही. जानेवारी 2020 मध्ये सीमा बंद झाल्या, त्याआधी मी जाऊन आलोय आणि तो प्रश्न अजून मनातून गेलेला नाही. पण कोलोनकर, तू जाणारच असशील, तर एक गोष्ट नीट समजून जा.

तिथे सबंध वेळ तुमच्यासोबत दोन गाइड असतात. एकटं फिरायची मुभा नाही. आमचं यांगगाकदो हॉटेल तेदोंग नदीतल्या बेटावर होतं. संध्याकाळी पूल ओलांडून सहज चक्कर मारून यावं, तर तेही नाही. मानसू टेकडीवर किम इल-सुंग आणि किम जोंग-इल या दोन्ही दिवंगत नेत्यांच्या पुतळ्यांपुढे फुलं वाहून वाकायचं, आणि फोटोत पुतळा पुरा यायला हवा. हे सगळं आधीच सांगतात, त्यामुळे पाळणं अवघड नाही.

अवघड आहे ते गाइडशी बोलणं. आमच्या बसमधल्या एका गृहस्थांनी तरुण गाइडला सगळ्यांदेखत विचारलं, "तुला खरंच हे सगळं पटतं का?" दुसरी गाइड शेजारीच उभी होती. ती मुलगी पाठ केल्यासारखं उत्तर देऊन गप्प झाली. गृहस्थांना वाटलं, आपण तिला बोलतं केलं. मला त्यांचा फार राग आला. आपण विमानात बसून निघून येतो. ती तिथेच राहते, तिचं घरदारही. आपल्या आगाऊपणाचा हिशेब तिच्याकडे मागितला जातो.

डिसेंबर 2020 च्या कायद्यानं तर दक्षिण कोरियाच्या मालिका वाटणाऱ्याला मृत्युदंडापर्यंत शिक्षा ठेवली आहे. म्हणून प्रेमानंसुद्धा कुणाला पेन ड्राइव्ह, पुस्तक देऊ नकोस. मुलंबाळं, स्वयंपाक, शाळा याबद्दल विचार. त्या गप्पा मनापासून होतात.

दोन्ही कोरियांच्या सीमेवरच्या पानमुनजोमला नेलं तर थोडं थांब. 1953-54 मध्ये तिथल्या निर्लष्करी पट्ट्यात कोरियन युद्धातले कैदी सांभाळणारी आपली भारताची कस्टोडियन फोर्स होती आणि तिचे प्रमुख होते कोल्हापूरकडचे मेजर जनरल एस. पी. पी. थोरात. मायदेशी परतायला नकार देणारे 22 हजारांवर युद्धकैदी त्यांच्या ताब्यात होते. ज्या देशात परतायचं नाही, त्याच देशाच्या प्रतिनिधींसमोर या कैद्यांना आणायचे आणि पुन्हा विचारायचे, परत येतोस का? तेव्हा निदान भारतीय सैनिक तरी मध्ये उभे होते. त्या गाइडच्या आणि बसमधल्या प्रश्नाच्या मध्ये कुणीच नव्हतं.

आता कामाचं. 1 मार्च 2011 नंतर उत्तर कोरियाला गेलेल्यांना अमेरिकेसाठी 'एस्टा', म्हणजे व्हिसाशिवाय जाण्याची ऑनलाइन परवानगी, मिळत नाही. वकिलातीत जाऊन रीतसर व्हिसा काढावा लागतो. तुझं ऑफिसच्या कामानं अमेरिकेला जाणं-येणं असेल, तर आधी त्याचा विचार कर. शिवाय फेब्रुवारी 2025 मध्ये उत्तर कोरियातलं रासोन शहर पाश्चात्त्य पर्यटकांना खुलं केलं आणि काही आठवड्यांतच पुन्हा बंद केलं. तेव्हा विमानाचं तिकीट परतावा मिळेल असंच काढ.

काही विचारायचं असेल तर फोन कर. ताई, तुमच्याशीही बोलायचंय.
– फ्रँकफुर्टहून, काका