युनिव्हर्सल स्टुडिओज सिंगापूर: एका दिवसात कसं बसवायचं?

अनुजा_ठाणे:
मे महिन्यात, आठवड्याच्या मधल्या वारी जातोय. मी, नवरा, मुलगा (९ वर्षं, १२८ सेंमी), मुलगी (४ पूर्ण, १०३ सेंमी) आणि सासूबाई (६८, गुडघे दुखतात). मुक्काम लिटल इंडियात, सगळे शाकाहारी. रांग वाचवणारा एक्स्प्रेस पास पाचही जणांना घ्यायचा का? सुरुवात कुठून करावी? पाऊस आला तर काय?

पाळणेवाला:
अनुजाताई, पासाआधी उंचीचा हिशेब करा. बॅटलस्टार गॅलॅक्टिका या रोलर कोस्टरला १२५ सेंमी लागतात, ममी या कोस्टरला १२२. मुलगा दोन्हींत बसेल, मुलगी नाही. जुरासिक पार्क रॅपिड्सला १०७ आहे, म्हणजे तिथेही ती बाहेर. ट्रान्सफॉर्मर्सला मोठ्यांसोबत १०२ चालतात, पण १ सेंमीच्या भरवशावर राहू नका. दारात पट्टी लावून मोजतात, अंबाडा किंवा टोपी धरत नाहीत. पुस इन बूट्स (१००), कॅनपी फ्लायर आणि एन्चँटेड एअरवेज (दोन्ही ९२) तिला मोठ्यांबरोबर मिळतील.

एक्स्प्रेस पासाने रांग वाचते, उंचीची अट सुटत नाही. त्यात प्रवेश तिकीटही धरलेलं नसतं, ते वेगळं. सासूबाई आणि मुलीसाठी तो घेण्यात अर्थ नाही. घ्यायचाच तर नवरा आणि मुलगा, दोघांपुरता. तिकिटात ४ ते १२ वयाला लहान मुलांचा दर आहे, त्यामुळे मुलीचं तिकीट लागेलच.

हार्बरफ्रंट_लोकल:
लिटल इंडियाहून नॉर्थ ईस्ट लाइनची मेट्रो पकडा, गाडी बदलायची नाही. हार्बरफ्रंट शेवटचं स्टेशन. तिथून व्हिवोसिटी मॉलच्या तिसऱ्या मजल्यावर सेंटोसा एक्स्प्रेस, म्हणजे पार्क असलेल्या सेंटोसा बेटावर जाणारी मोनोरेल. जाताना ४ सिंगापूर डॉलर कापतात, परत येताना काही नाही. पुढच्याच रिसॉर्ट्स वर्ल्ड स्टेशनला उतरा. सेंटोसा बोर्डवॉकने चालतही जाता येतं, पण गुडघे दुखत असतील तर नको.

पार्क सहसा १०ला उघडतं, तरी आपल्या तारखेची वेळ वेबसाइटवर बघून घ्या. अर्धा तास आधी गेटवर उभं राहा. बहुतेक लोक आत शिरले की फोटो काढत हॉलिवूड या पहिल्या विभागातच रेंगाळतात. तुम्ही उजवीकडे न्यूयॉर्क विभाग ओलांडून थेट साय-फाय सिटी गाठा: आधी ट्रान्सफॉर्मर्स, मग बॅटलस्टार, पुढे इजिप्त विभागात ममी. कॅनपी फ्लायरही दुपारपर्यंत ढकलू नका. एका गाडीत चारच जण बसतात, त्यामुळे छोटी दिसणारी रांगही हलत नाही.

तारीख मेच्या अगदी शेवटची असेल तर दोन पास घेऊनच टाका. तिथल्या शाळांची सुट्टी त्या सुमारास लागते आणि जूनअखेरपर्यंत चालते. त्याआधीचा साधा बुधवार असेल तर मी घेणार नाही.

अनुजा_ठाणे:
तारीख १३ मेच्या आसपासची आहे. मग पासाशिवाय मोठ्या राइड्स नवरा आणि मी आळीपाळीने कशा करायच्या?

पाळणेवाला:
दारातल्या कर्मचाऱ्याला रांगेत शिरण्याआधीच ‘चाइल्ड स्वॅप’ सांगा. एकजण मुलीबरोबर थांबतो, दुसरा बसून येतो, मग पहिल्याला पुन्हा रांग लावावी लागत नाही. रांगेत शिरल्यावर आठवण झाली तर गोंधळ होतो. ट्रान्सफॉर्मर्स, ममी आणि बॅटलस्टारला सिंगल रायडर, म्हणजे एकेकट्याने बसणाऱ्यांची वेगळी रांग असते, ती बरीच लवकर सरकते, पण वेगवेगळं बसवतात. मुलाची उंची पुरेशी असल्याने चालेल, फक्त अनोळखी माणसाशेजारी अंधारात बसायला तो तयार आहे ना, हे आधी विचारा. ममी पूर्ण अंधारात आहे आणि मधेच गाडी मागच्या दिशेने धावते.

ममी आणि बॅटलस्टारला बॅग, मोबाइल काहीच नेता येत नाही. लॉकर ठरावीक मिनिटंच फुकट असतो, रांग त्याहून लांबली की पैसे लागतात. खाली थांबणाऱ्याकडे सामान दिलं की प्रश्न मिटला.

सुमनमावशी:
सासूबाईंसाठी प्रवेशाजवळ व्हीलचेअर भाड्याने मिळते, ती सकाळीच घ्या. चार वाजता थकल्यावर शोधू नका. हॉलिवूडच्या रस्त्यावर वर छत आहे, बसायला ती जागा बरी. लाइट्स, कॅमेरा, ॲक्शन हा कार्यक्रम बंदिस्त आहे, त्यांना आवडेल. वॉटरवर्ल्ड या शोच्या वेळा ठरलेल्या असतात. वीस मिनिटं आधी जा आणि पुढच्या रांगा टाळा, तिथे मुद्दाम पाणी उडवतात.

मेमध्ये दुपारी गडगडाटी पाऊस नेहमीचा. वीज जवळ आली की उघड्यावरच्या राइड्स बंद करतात, बॅटलस्टार आणि कॅनपी फ्लायरसकट. म्हणून उघड्यावरचं सकाळी उरका. पाऊस लागला की ट्रान्सफॉर्मर्स आणि ममीकडे गर्दी वळते, तेव्हा त्याही आधीच झालेल्या बऱ्या. रॅपिड्सचा गोल तराफा फिरत जातो, त्यामुळे कोरडी जागा अशी नाहीच. भिजून लगेच एसीत गेलं की मुलं कुडकुडतात. रॅपिड्स उघड्यावर असली तरी ती मात्र शेवटी ठेवा, कोरडा टी-शर्ट, मोजे आणि मोबाइलला झिपची पिशवी जवळ असू द्या.

बाहेरचं खाणं आत चालत नाही, पाण्याची बाटली चालते. शाकाहारी पर्याय कमी आहेत. ऑर्डर देताना ‘नो मीट’वर थांबू नका; अंडं, मासे आणि ऑयस्टर (कालवांचा) सॉसही नको असं सांगा, नाहीतर भाजीच्या नूडल्समध्ये तो सॉस असू शकतो. बाहेर जेवून परत यायचं असेल तर निघताना हातावर शिक्का मारून घ्या आणि तिकीट सांभाळा.