क्रँक ग्राइंड करून आला, पण जर्नल किती गुळगुळीत असायला हवं?

टेम्पोवाला_ठाणे
नमस्कार मंडळी. माझा चार सिलिंडरचा डिझेल टेम्पो आहे, वाशी एपीएमसी ते ठाणे भाजीचा रोजचा फेरा. ऑइल प्रेशर पडायला लागलं, खालून टकटक यायला लागली म्हणून इंजिन खोललं तर क्रँकवर (पिस्टन ज्याला फिरवतात तो मुख्य दांडा) ओरखडे. ०.२५ मिमी अंडरसाईज, म्हणजे ग्राइंड करून तेवढा व्यास कमी करणं, आधीच्या मालकानेच मारून घेतलेलं होतं, मी टीटीसी एमआयडीसीतल्या एका शॉपमध्ये मेन (क्रँक ब्लॉकमध्ये टेकतो ते भाग) आणि बिगेंड (कनेक्टिंग रॉड बसतात ते भाग) दोन्ही ०.५० अंडरसाईज मारून घेतलं. काल क्रँक हातात आला. लांबून चकचकीत दिसतो पण उन्हात तिरका धरला की जर्नलभोवती, म्हणजे या मेन-बिगेंडच्या गोल पृष्ठभागांवर, बारीक गोल रेषा दिसतात, नख अडकत नाही पण खरखर लागते. मित्राच्या कंपनीत रफनेस टेस्टर आहे त्याने घेतलं तर बिगेंडला आरए (खडबडीतपणाची सरासरी) ०.५५ ते ०.६ मायक्रॉन, मेनला ०.४५ च्या आसपास. शॉपवाला म्हणतो डिझेलला एवढं चालतं, ५०० किलोमीटर गाडी पळाली की आपोआप घासून गुळगुळीत होईल. शेल (जर्नलभोवती बसणारी अर्धगोल बेअरिंगं) आणून ठेवलेत, परवा मेकॅनिक येतोय. बसवू का परत नेऊ? गाडी उभी आहे आणि हप्ता चालू आहे.

जुना_ग्राइंडर
बसवू नका. वागळे इस्टेटला २८ वर्षं क्रँक ग्राइंडरवर उभा होतो म्हणून कळकळीने सांगतो. ०.४ मायक्रॉन ही वरची हद्द समजा, त्याच्या पुढे नाहीच, आणि माल ओढणाऱ्या डिझेलला ०.२ ते ०.२५ मागून घ्यायचं. पूर्ण लोड पडतो तेव्हा जर्नल आणि शेलच्या मधे तेलाचा थर एखाद-दोन मायक्रॉन उरतो. तुमचा आरए ०.६ म्हणजे ती सरासरी झाली, प्रत्यक्ष शिखरापासून दरीपर्यंत तीन-चार मायक्रॉन सहज भरेल. म्हणजे टोकं तेलातून वर येऊन शेलला लागणारच. आणि "घासून गुळगुळीत होईल" म्हणतात ना, तर घासतं ते शेल, क्रँक नव्हे. शेलवरचा मऊ लेप जेमतेम २० मायक्रॉनचा असतो, तो गेला की संपलं.

दुसरी गोष्ट दिशेची, ही नव्या पोरांना कुणी सांगतच नाही. ग्राइंडिंगने धातूची बारीक कुसळं एका बाजूला झुकतात. बैलाच्या पाठीवरून उलटा हात फिरवला की केस कसे उभे राहतात, तसंच. कास्ट क्रँक असेल तर हे जास्तच. म्हणून ग्राइंड करताना क्रँक इंजिनच्या उलट्या दिशेने फिरवायचा आणि शेवटचं पॉलिश, ३२० किंवा त्याहून बारीक पट्ट्याने, इंजिन फिरतं त्याच दिशेने. शॉपला विचारा पॉलिश केलं का आणि कुठल्या दिशेने, उत्तरावरूनच कळेल.

पण पॉलिशने व्यासावर पाचेक मायक्रॉनच्या वर काढायचं नाही, नाहीतर गोलाई बिघडते आणि टेपर (एका टोकाला व्यास कमी) येतो. म्हणून आधी मायक्रोमीटर लावा. साईज वरच्या लिमिटला असेल तर पॉलिशवर भागेल, खालच्या लिमिटला असेल तर नाही.

टेस्टर नसेल त्यांच्यासाठी: तांब्याचं जुनं नाणं जर्नलवर आडवं ओढा, लालसर रेघ उमटली तर जर्नल अजून खडबडीत आहे. तांबं कानशीवर घासल्यासारखं निघतं.

क्यूसी_ऐरोली
दादा, मित्राने टेस्टरची सुई कुठल्या दिशेने चालवली? ती क्रँकच्या लांबीच्या दिशेने जायला हवी म्हणजे रेषा कापत. रेषांच्या बाजूने फिरवली तर आकडा खोटा कमी येतो, मग तुमचं ०.४५ खरं तर त्याहून वाईट असेल. टेस्टरचा कटऑफ (एका मापात धरायची लांबी) ०.८ मिमी ठेवा आणि ऑइल होलपासून लांब, प्रत्येक जर्नलवर तीन ठिकाणी घ्या. एकाच ठिकाणच्या वाचनावर निर्णय नको.

कळंबोली_गॅरेज
काकांनी सांगितलं ते सोळा आणे खरं, फक्त पॉलिशनंतरचं सांगतो कारण माझ्या हातून एक इंजिन गेलंय. जर्नल आरशासारखं होतं, आकडे पण छान, मी वरून पुसलं आणि बसवलं. आठ दिवसांत बिगेंड वाजलं. खोललं तर क्रँकच्या ऑइल गल्लीत (तेल जायच्या आतल्या भोकात) पॉलिशच्या एमरीची काळी भुकटी, तेलाने ती थेट शेलवर आणून सोडली होती. तेव्हापासून क्रँक आला की गल्ल्यांचे प्लग काढतो, रॉकेल आणि लांब ब्रश घालून प्रत्येक गल्ली आरपार साफ करतो, मग हवा मारतो, पांढऱ्या फडक्यावर काळं यायचं थांबेपर्यंत पुन्हा तेच. होलच्या तोंडावर धार राहिली असेल तर तीही मोडून घ्या, नाहीतर शेलवर रेघ पडणारच. आणि जर्नलच्या कोपऱ्यातला गोलवा बघा, तिथे चाकाने काटकोन पाडला असेल तर क्रँक तिथूनच तुटतो, मग आरए काहीही असो.

टेम्पोवाला_ठाणे
सगळ्यांचे आभार. ताई, मित्राने सुई लांबीच्याच दिशेने चालवली होती, तरी काल परत तीन-तीन ठिकाणी घेतलं, बिगेंड ०.६ च्या खाली कुठेच नाही. आईच्या देवघरात तांब्याचा जुना पैसा होता तो मागून घेतला, बिगेंडवर ओढला तर लाल रेघ स्पष्ट उमटली, मेनवर अगदी पुसट. मायक्रोमीटरने मेन वरच्या लिमिटला आहेत पण दोन बिगेंड आधीच खालच्या लिमिटला. म्हणजे मेनला पॉलिश आणि बिगेंडला ०.७५, असंच ना काका?

जुना_ग्राइंडर
हो. पण त्याआधी हार्डनेस बघून घ्या, नायट्राइड करून पृष्ठभाग कडक केलेला क्रँक असेल तर कडक थर अर्ध्या मिलिमीटरच्या आतच असतो, तो आधीच बराच गेला असेल. इंडक्शनने तापवून कडक केलेला असेल तर थर खोल असतो, काळजी नको. आणि ग्राइंडिंगचं चाक नीट ड्रेस करून (वरचा थर खरवडून ताजं करून) शेवटी ठिणग्या थांबेपर्यंत चालवायला सांगा, घाईत वर उचललं की परत त्याच रेषा.

टेम्पोवाला_ठाणे
झालं. इंडक्शनवालाच निघाला. शॉपमध्ये आकडे समोर ठेवले तर त्याने अर्ध्या मजुरीत बिगेंड ०.७५ मारून दिले, मी उभा राहून पॉलिशची दिशा बघितली. आता बिगेंड ०.२० ते ०.२२, मेन ०.२४. पैसा ओढला, रेघ नाही. बिगेंडचे शेल बदलून आणायचेत आणि रॉकेल, ब्रश घेऊन गल्ल्या साफ करायला आज रात्री बसतोय.