शब्दचर्चा : रे-ट्रेसिंगमधील ‘नॉइज’ म्हणजे गोंगाट का?

प्रश्न (पणजी) : मळा भागातील एका जुन्या घराचे त्रिमितीय मॉडेल आम्ही रे-ट्रेसिंगने, म्हणजे उजेडाच्या किरणांचा माग गणिताने काढून चित्र बनवण्याच्या तंत्राने, चालते-फिरते दाखवणार आहोत. त्याच्या मराठी टिपणात ‘टेम्पोरल डीनॉइझिंग’साठी ‘तात्पुरते गोंगाट-निवारण’ असे कोणीतरी सुचवले आहे. ते योग्य ठरेल का?

उत्तर : नाही, आणि हा शब्द छापला जाऊ नये असे मला मनापासून वाटते. ‘टेम्पोरल’ म्हणजे येथे तात्पुरते नव्हे. एकापाठोपाठ येणाऱ्या फ्रेम्सचा आधार घेऊन, असा त्याचा अर्थ आहे. पडद्यावर गोंगाटही नसतो, दाणे असतात. सेकंदाला ६० फ्रेम्स हव्या असतील तर एका फ्रेमच्या वाट्याला जेमतेम १६.७ मिलिसेकंद येतात, त्यामुळे शिंपल्यांच्या तावदानांतून झिरपणारा उजेड मोजायला दर पिक्सेलमागे एखाद-दुसराच किरणमार्ग परवडतो. एका पिक्सेलचा किरण उजेडापर्यंत पोहोचतो, शेजारच्याचा चुकतो, आणि सपाट भिंत दाणेदार दिसते. किरण चौपट केले तरी दाण्यांचे प्रमाण निम्म्यावरच येते. म्हणून मागच्या फ्रेम्सचे गणित नव्या फ्रेममध्ये मिसळतात. २०१७ च्या एसव्हीजीएफ या दाणे घालवण्याच्या पद्धतीत नव्या फ्रेमचा वाटा साधारण २० टक्के आणि साठलेल्याचा ८० टक्के असतो. ‘फ्रेम-संचयाने दाणे घालवणे’ असे सरळ लिहावे.

प्रतिसाद (फोंडा) : ‘दाणे’ म्हटले की छायाचित्रणातील ग्रेन आठवतो, आणि तो पुष्कळांना हवासा वाटतो. येथे तर यादृच्छिक नमुन्यांतून, म्हणजे सहजगत्या निवडलेल्या मोजक्या किरणांतून, आलेली चूक आहे. शिवाय मागच्या फ्रेम्सचे साठलेले गणित ते ‘हिस्टरी’ आणि त्यामुळे पडद्यावर मागे राहणारे जुने चित्र ते ‘घोस्टिंग’, यांना काय म्हणावे?

उत्तर : आपली हरकत वजनदार आहे. शीर्षकात आणि सूत्रांत ‘नॉइज’च ठेवावा, दिसण्याचे वर्णन करताना ‘दाणे’ वापरावा. ‘हिस्टरी’ला मात्र ‘इतिहास’ म्हणू नये, कारण इतिहासात एकेक घटना वेगळी उरते; येथे मागच्या फ्रेम्स एकाच सरासरीत मुरलेल्या असतात, म्हणून ‘संचय’. ‘घोस्टिंग’साठी ‘भूत’ नको, ‘रेंगाळलेली प्रतिमा’ बरे. कॅमेरा सरकला की भिंतीवरचा बिंदू मागच्या फ्रेममध्ये कुठे होता ते मोशन व्हेक्टर सांगतात. दाराआडून नव्याने उघडी पडलेली जमीन तेव्हा दिसतच नव्हती, तिथला संचय टाकून द्यावा लागतो. दिवा विझला तर प्रकरण अवघड होते : भिंत जागची हललेली नसते, मोशन व्हेक्टरना बदलाचा पत्ता नसतो, आणि विझलेल्या दिव्याचा उजेड आणखी काही फ्रेम्स भिंतीवर राहतो. एसव्हीजीएफचीच २०१८ ची सुधारित आवृत्ती, ए-एसव्हीजीएफ, मागच्या फ्रेममधले काही नमुने नव्याने मोजून हा बदल ओळखते आणि तेवढ्याच जागी संचयाचा वाटा कमी करते.